कुलपाचा हात, कुलपाचा कान

"सर, दगडं मागवलाव का काय?" पार्सल ओट्यावर टेकवत कुरिअरवाल्या पोराने विचारले. खोके हातभर लांब, पण वजनाला चांगले चार-पाच किलो. आत तेलुगू वर्तमानपत्राच्या पानांत गुंडाळलेली अकरा कुलपे होती. काही पितळी, काही लोखंडी, एक गंजून पार तांबडे झालेले, एकाची कडी हाताळून हाताळून चांदीसारखी चमकणारी. चावी एकाचीही नव्हती. हैदराबादच्या विकणाऱ्याने मोबाइलवरच्या जाहिरातीत तसे सरळ लिहिलेच होते: जुनी कुलपे, चाव्या नाहीत, परत घेणार नाही. दुसऱ्या कुणी ते वाचून बोट पुढे सरकवले असते. मी 'चाव्या नाहीत' एवढे वाचले आणि पैसे पाठवून मोकळा झालो.

शेजारच्या काकू दाणे निवडता निवडता बघत होत्या. "एवढी कुलपं कशाला हो? वाडा बांधायलाव काय?"

"नाही काकू. बिनचावीची उघडायला शिकायलोय."

काकूंचा हात सुपातच थांबला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मास्तर माणसानं असलं शिकू नये, बघा."

काकूंचे चुकले नाही. आमच्या भालकीसारख्या गावात बिनचावीचे कुलूप उघडणारा म्हणजे एक तर चावीवाला, नाही तर चोर. जगात मात्र या दोघांच्या मधे तिसरी एक जात आहे. शब्दकोडे सोडवावे तसे कुलूप सोडवणारी. १९९७ साली जर्मनीत हॅम्बुर्गला अशा हौशी मंडळींनी रीतसर संस्था काढली, स्पर्धा भरवल्या, घड्याळ लावून कुलपे उघडली. आज कितीतरी देशांत हा छंद आहे. ज्यूदोसारखे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पट्टेही असतात. जितके अवघड कुलूप, तितका वरचा पट्टा. आणि या सगळ्यांचे खाद्य एकच: कुणाच्या तरी घरातून, गोदामातून, बंद पडलेल्या दुकानातून भंगारात आलेले जुने कुलूप.

आता यात एवढे नवल काय, ते सांगण्याआधी आमच्या भागातल्या शब्दांबद्दल सांगायला हवे, कारण मला या छंदाची खरी चावी तिथे सापडली.

आमचा मुलूख भाषांच्या सांध्यावरचा. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचीही झाली. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. माणसे वाटली गेली, बोलणे वाटले गेले नाही. त्यामुळे बाजारात एका कुलपाला चार नावे ऐकू येतात. आपले 'कुलूप' अरबी 'कुफ्ल'वरून आले. येता येता अक्षरांची अदलाबदल झाली. उन्हाळ्यात आपण खातो ती कुल्फीही याच घराण्यातली मानतात, कारण ती झाकण घट्ट बंद केलेल्या साच्यात गोठते. 'चावी' पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरली. दखनीत 'ताला'. कन्नडात कुलूप म्हणजे 'बीग', आणि गंमत अशी की व्याह्यांनाही 'बीगरु'च म्हणतात. एकदा जुळले की सहज सुटत नाही, असा अर्थ ज्याने त्याने आपल्या अनुभवावरून लावावा.

खरी मौज चावीच्या नावात आहे. कन्नडात चावी म्हणजे 'बीगद कै', कुलपाचा हात. तेलुगूत ती 'ताळं चेवी', आणि 'चेवी' म्हणजे कान. शब्दाचे मूळ कुठलेही असो, बोलणाऱ्याला त्यात कान ऐकू येतो. एका भाषेने चावीला हात म्हटले, दुसरीने कान. चावी नसेल तेव्हा कुलूप उघडायला माणसापाशी हीच दोन हत्यारे उरतात. हाताने चाचपायचे, कानाने ऐकायचे. डोळ्यांचा उपयोग जवळजवळ नाही, कारण जे काही चालते ते अंधारात.

त्या अंधारात काय असते? जाते डोळ्यांपुढे आणा. दोन दगड, एकावर एक. वरचा फिरतो, खालचा स्थिर. समजा, दोन्ही दगडांतून आरपार पाच भोके पाडली आणि त्यांत पाच खुंट्या बसवल्या. जाते फिरेल? इंचभर नाही. आता प्रत्येक खुंटी मधेच कापा, पण काप वेगवेगळ्या उंचीवर घ्या. तरीही फिरणार नाही, कारण एखाद्या खुंटीचा काप दगडांच्या सांध्याच्या वर राहील, एखाद्याचा खाली. पण खालून कुणी प्रत्येक खुंटी नेमकी हवी तेवढीच उचलली आणि पाचही काप सांध्याच्या रेषेत आले, तर वरचे तुकडे वरच्या दगडात, खालचे खालच्यात, आणि जाते गरकन फिरेल.

आज घराघरांत जे पिनचे कुलूप असते ते एवढेच आहे. दगडांच्या जागी पितळेचा दंडगोल आणि त्याभोवतीचे घर, खुंट्यांच्या जागी पिना, त्यांना दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा, आणि खालून उचलणारा तो 'कुणी' म्हणजे चावी. चावीच्या पाठीवरचे डोंगर-दऱ्यांसारखे दाते म्हणजे पाच उंच्यांची यादी. प्रत्येक पिनला सहा उंच्या शक्य धरल्या, तर पाच पिनांच्या ७,७७६ वेगवेगळ्या चाव्या होतात. अमेरिकेत लायनस येल बापलेकांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या रचनेला आजचे रूप दिले. तत्त्व त्याहून हजारो वर्षे जुने आहे. प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांतही वरून खुंट्या पडून अडसर अडवत असत.

मग बिनचावीचे हे उघडते कसे? ७,७७६ जुळण्या एकेक करून बघायच्या? तिथेच मला पहिला धक्का बसला. कुलूप उघडते ते कारागिराच्या हातून राहिलेल्या चुकीमुळे. पाच भोके एका सरळ रेषेत पाडायची ठरवली, तरी यंत्र केसभर इकडे तिकडे जातेच. उघड्या डोळ्यांना न दिसणारी ही तफावत असते. पण दंडगोलाला फिरवायचा अगदी हलका ताण दिला, की पाचही पिना एकदम अडत नाहीत. जे भोक सर्वांत जास्त सरकलेले, त्यातली पिन आधी अडते. बाकीच्या चार मोकळ्या डुलत राहतात. बारीक आकडीने ती एकच शोधायची आणि हळूच वर ढकलायची. तिचा काप सांध्यावर आला, की दंडगोल कणभर फिरतो, वरचा तुकडा कडेवर टेकतो, खाली येत नाही. मग दुसरी अडते. अशा पाच. गुणाकाराचे कोडे बेरजेचे होऊन जाते. सहाचा पाचदा गुणाकार करण्याऐवजी पाच वेळा एक-एक पिन समजावायची.

भोके अगदी निर्दोष पाडली असती, तर पाचही पिना एकदमच अडल्या असत्या आणि या रीतीने कुलूप कधीच उघडले नसते. तसे निर्दोष भोक पाडणारे यंत्र अजून कुणाला बनवता आलेले नाही.

जुन्या कुलपाची किंमत इथे कळते. नवे कुलूप कोरे असते. जुन्या कुलपात माणसे असतात. वीस वर्षे तीच चावी आत-बाहेर झालेली असते, पितळ झिजलेले असते, पिनांची टोके गोल झालेली असतात, एखादी स्प्रिंग दमलेली असते. त्याच साच्यातली दोन कुलपे घेतली तरी वेगळी वागतात, कारण एक रोज उघडणाऱ्या किराणा दुकानावर होते आणि दुसरे वर्षातून दोनदा उघडणाऱ्या गोदामावर. माझ्या खोक्यातल्या चमकत्या कडीच्या कुलपाने तर हे न विचारताच सांगितले. रोज कुणीतरी ते हातात घेऊन ओढून बघत असणार, नीट लागले की नाही ते. आपल्याकडे घरातून निघताना कुलूप एकदा हिसडल्याशिवाय कुणाचा पाय पुढे पडतो?

हेच कुलूप मी आधी घेतले. छोटे, चौकोनी, जस्ताच्या ओतीव अंगाचे. जस्त म्हटले की बीदरच्या माणसाला बिदरी आठवणारच. तांब्याचा थोडा अंश घातलेले तेच जस्त, चांदीची तार खाचेत बसवून, किल्ल्यातल्या जुन्या मातीने काळे केलेले. कारागीर तार बसवतो तेव्हा बोटाचे टोक खाचेवरून फिरवत असतो. तार कुठे उचलली गेली ते नजरेआधी बोट सांगते. मला तेवढे बोट नाही. माझ्यापाशी वायपरच्या पात्यातून काढलेली एक स्टीलची पट्टी होती, टोकाशी काटकोनात वाकवलेली, आणि कानस घासून केलेली एक आकडी. पट्टीने ताण द्यायचा, आकडीने शोधायचे.

पहिल्या रात्री दोन तास गेले. दुसऱ्या रात्री तेवढेच. आकडी फिरवली की पहिली पिन लवायची, दुसरी लवायची, तिसरी ठाम. ती ढकलली की 'टिक' असा आवाज. खरे तर आवाज म्हणणेही जास्त. बोटांतून हाडात शिरणारी एक ठिणगी. मग चौथी. आणि अचानक दंडगोल चांगला जोंधळ्याच्या दाण्याएवढा फिरला. मी मनात उडीच मारली. पण कडी निघाली नाही.

हा खोटा होकार होता. काही कुलपांत एक-दोन पिना मुद्दाम डमरूच्या आकाराच्या करतात, मधे बारीक, टोकांना जाड. उचलताना डमरूची कंबर सांध्यात अडकते, दंडगोल थोडा फिरतो, उघडणाऱ्याला वाटते जमले. प्रत्यक्षात तिथून पुढे ताण वाढवाल तितकी ती घट्ट धरते. सोडवायची तर ताण सैल करून थोडे मागे यावे लागते, आणि मागे येताना आधी बसवलेली एखादी पिन पडते. दोन रात्रींच्या कष्टावर पाणी. बोटाच्या पेराएवढ्या पितळी तुकड्यात कुणीतरी माणसाच्या उतावळेपणाचा एवढा अभ्यास करून ठेवलेला असतो.

उतावळेपणाची परीक्षा घेणारी कुलपे आणि त्यांना पुरून उरणारी माणसे यांची एक जुनी लढाई आहे. १७९० मध्ये लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर जोसेफ ब्रामा या कुलूपकर्त्याने दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडले. जो हे उघडणारे हत्यार करील त्याला २०० गिनी बक्षीस. कुलूप ६१ वर्षे तिथे होते. १८५१ मध्ये लंडनला पहिले भव्य आंतरराष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन भरले आणि अमेरिकेहून आल्फ्रेड चार्ल्स हॉब्स आला. आधी त्याने चब कंपनीचे प्रसिद्ध 'डिटेक्टर' कुलूप घेतले. १८१८ मधल्या या कुलपाची ख्याती अशी की आतली एखादी पट्टी जरा जास्त उचलली गेली की ते अडकून बसायचे आणि मालकाला चुगली करायचे, कुणीतरी हात लावला होता. हॉब्सने ते २५ मिनिटांत उघडले आणि ७ मिनिटांत पुन्हा बंद करून दाखवले. मग ब्रामाचे कुलूप. त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. पण उघडले.

इंग्रज हादरले. वर्तमानपत्रांत वाद पेटला की असली विद्या उघड करणे म्हणजे चोरांना शिकवणी नव्हे काय? म्हणजे आमच्या काकूंचाच प्रश्न. हॉब्सच्या बाजूच्यांचे म्हणणे होते की चोर आपल्या धंद्यात आधीच पारंगत असतात, अंधारात असतो तो कुलूप विकत घेणारा. त्या उन्हाळ्यानंतर कुलपे सुधारली, हे मात्र खरे.

चबसारख्या पट्ट्यांच्या कुलपांचे, म्हणजे लिव्हरच्या कुलपांचे, आपल्याकडे वेगळे राज्य आहे. अलीगढला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुलपांचा धंदा रुजला आणि ते शहर 'तालानगरी' झाले. तमिळनाडूतल्या दिंडिगलच्या हातघडणीच्या कुलपांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आणि मुंबईत १८९७ मध्ये लालबागच्या एका शेडमध्ये अर्देशीर गोदरेज यांनी कुलपे घडवायला घेतली. हे गृहस्थ मूळचे वकील. झांझिबारला एका खटल्यात सत्याला मुरड घालायची वेळ आली, तेव्हा वकिलीच सोडून परतले. शस्त्रक्रियेची हत्यारे बनवून पाहिली, जमले नाही. मग कुलपांकडे वळले. स्प्रिंगशिवाय चालणाऱ्या कुलपाचे पेटंटही त्यांनी घेतले. पुढे याच कारखान्याने पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी विक्रोळीत १२ लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या केल्या. बाहेरून कुलूप लावायचे तर पेटी ठरलेल्या ५ रुपयांत बसेना, म्हणून आतूनच बंद होणारी कळ बसवली. मोठ्या लोकशाहीचे पहिले कुलूप असे काटकसरीतून निघाले.

त्या घरचे 'नवताल' आज जुन्या बाजारात हमखास मिळते. गोल पितळी अंग, हातात घेतले की भरीव वाटणारे. त्याच्या पोटात पातळ पट्ट्या एकीवर एक रचलेल्या असतात, सहा, सात किंवा आठ. प्रत्येक पट्टीला एक खाच. सगळ्या खाचा एका ओळीत आल्या, की कडी धरणारा दांडा त्यांतून सरकतो. पिनच्या कुलपात टिकटिक ऐकू येते. लिव्हरच्या कुलपात आवाज फारसा नसतो, फक्त बोटाला एक जडपणा जाणवतो, दलदलीत पाय रुतल्यासारखा. माझ्या खोक्यात पाठीवर '६ लिव्हर' असे ठसठशीत कोरलेले एक निनावी कुलूपही निघाले. पाठीमागची रिवेट काढून बघितले तर पोटात तीनच. पाठ आणि पोट यांतला हा फरक कळायलाही जुने कुलूपच हवे. नवे फोडून बघायचा जीव होत नाही.

जुनी कुलपे मिळतात कुठे? मोबाइल येण्याआधीही मिळत होती. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, हैदराबादचा जुम्मेरात बाजार. चष्म्याच्या दुकानाचा धंदा असलेल्या दिनकर गंगाधर केळकरांनी (१८९६–१९९०) असल्याच बाजारांतून आणि गावोगावच्या वाड्यांतून दिवे, अडकित्ते, कुलपे गोळा केली. 'अज्ञातवासी' नावाने कविता करणाऱ्या या माणसाने बालपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने पुण्यात संग्रहालय उभे केले. तिथली कुलपे बघताना लक्षात येते की आपल्या जुन्या लोहारा-तांबटांना कुलूप नुसते मजबूत करून समाधान नव्हते. त्याला रूप हवे होते, खोडीही हवी होती. कुठे चावीचे भोक सरकत्या पट्टीखाली लपवलेले, कुठे चावी घालायची नसून पेचासारखी फिरवत न्यायची. असले पेचाचे कुलूप उघडताना चावी आतल्या दांड्याला आटे धरून ओढत आणते. घाई केली तर आटेच जातात. परदेशी संग्राहक आज या भारतीय खोडीदार कुलपांमागे लागलेले असतात.

मोबाइलवर जुनी कुलपे घेताना मी चार गोष्टी पाळतो. विकणारा भंगारवाला, दुकानदार किंवा घर आवरणारा आहे ना, हे बोलून बघतो. कडी कापलेले, दाराच्या फळीच्या तुकड्यासकट आलेले कुलूप स्वस्त असले तरी नको, कारण ते कुणाच्या तरी दारावरून आलेले असते. घेतलेले जुने कुलूप घराला कधी लावत नाही, कारण त्याच्या चाव्या कुणाकुणाच्या खिशात फिरत आहेत ते देव जाणे. आणि विकणाऱ्याने चावीचा फोटो टाकलेला दिसला, तर त्याला तो काढायला सांगतो.

ही शेवटची गोष्ट अनेकांना अतिरेकी वाटते. चावीचा फोटो बघून काय होणार? पण चावी म्हणजे पाच-सहा उंच्यांची यादी, हे एकदा कळले की उत्तर समोर येते. यादी पाठ करायला वस्तू हातात कशाला हवी? २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संगणकशास्त्रज्ञांनी गच्चीवरून, १९५ फुटांवरून, टेबलावर पडलेल्या चाव्यांचा फोटो घेतला आणि त्यावरून चालणारी चावी करून दाखवली. घर घेतल्यावर नव्या चाव्यांचा जुडगा हातात धरून फोटो टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि काकूंचा प्रश्न? चोराला खरोखर हे शिकायचे असते का? आपल्या वर्तमानपत्रांचे एक वाक्य छापून छापून गुळगुळीत झाले आहे: घराचा कडी-कोयंडा तोडून चोरट्यांनी प्रवेश केला. कडी-कोयंडा 'तोडून'. पहारीच्या एका झटक्यात जे होते त्यासाठी दोन रात्री अंधारात पिना मोजत कोण बसेल? संस्कृत नाटकात मात्र एक रसिक चोर आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तला, आणि देवलांच्या 'संगीत मृच्छकटिका'मुळे मराठीतही नांदलेला, शर्विलक. भिंतीला भोक कुठल्या आकाराचे पाडावे याचा तो कलावंतासारखा विचार करतो. मापाची दोरी विसरली म्हणून गळ्यातले जानवे काढतो आणि त्याचे गुण गातो: भिंत मोजायला उपयोगी, दागिन्यांचे फासे सोडवायला उपयोगी, कळीचे दार उघडायला उपयोगी, साप चावला तर बांधायलाही उपयोगी. पण शर्विलकानेही शेवटी भिंतच फोडली.

कायदाही विद्येकडे नव्हे, हेतूकडे बघतो. भारतीय दंड संहितेच्या ४४५ व्या कलमात घरफोडीच्या सहा तऱ्हा होत्या, त्यांतली चौथी म्हणजे घरात शिरण्यासाठी कुलूप उघडणे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३३० व्या कलमात तोच आशय आहे. सीमेपलीकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे १२२ वे कलम सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात सबळ कारणाशिवाय घरफोडीची हत्यारे बाळगणाऱ्याला पकडते. म्हणून माझी आकडी घराच्या टेबलावरच राहते. उदगीरला लग्नाला जाताना ती खिशात नसते. छंदवाल्यांचे स्वतःचे दोन नियम तर कायद्याहून कडक आहेत: जे कुलूप आपले नाही त्याला हात लावायचा नाही, आणि जे वापरात आहे त्यालाही नाही, आपले असले तरी.

दुसऱ्या नियमाची परीक्षा काकूंनीच घेतली. त्यांच्या ट्रंकेच्या कुलपाची चावी हरवली. "उघडा की हो सर, एवढं शिकायलाव तर." मी नाही म्हणालो. आकडी आत मोडली तर ट्रंक कापावी लागेल. वापरातल्या कुलपावर शिकायचे नसते. बसस्टँडजवळ चाव्यांचा जुडगा टांगून बसणाऱ्याला बोलावून आणले. आमच्या भागात हे काम करणारे बरेच जण शिकलगार शीख. पूर्वजांचा धंदा तलवारींना धार लावण्याचा, आज चाव्या घासण्याचा.

त्याने आकडी काढलीच नाही. एक कोरी चावी घेतली, मेणबत्तीच्या धुरावर काळी केली, कुलपात घालून हलकेच फिरवून बाहेर काढली. काजळीवर दोन जागी बारीक खुणा उमटल्या होत्या. तिथे कानस दोनदा फिरवली. पुन्हा धूर, पुन्हा कुलपात, पुन्हा खूण. कुलूप स्वतःच आपली यादी लिहून देत होते आणि तो ती वाचत होता. काकूंचा चहा उकळायच्या आत ट्रंक उघडली, आणि वर नवी चावीही तयार.

मी माझे जस्ताचे कुलूप त्याच्यापुढे केले. त्याने पट्टी-आकडी घेतली नाही; मला उघडायला सांगितले आणि माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिला. नखाची कड ताणाने पांढरी पडली होती. "हात भारी है, साब," तो म्हणाला. "हल्का रखो."

एवढेच. मी आठवडाभर आकडीकडे, म्हणजे कानाकडे, लक्ष देत होतो. पिना ऐकायच्या, टिक मोजायचे. चूक हातात होती. ताण एवढा की पाचातल्या तीन पिना एकदम अडत होत्या, आणि अडलेल्या तिघी एकदम बोलू लागल्या तर ऐकणार काय?

खोक्यातली चार कुलपे मी आता पुढे पाठवणार आहे. या छंदात तशी रीत आहे. उघडलेले, न उघडलेले, दोन्ही टपालाने एकाकडून दुसऱ्याकडे फिरते. सोबत कागद असतो, कुठली पिन डमरूची आहे ते न सांगता फक्त एवढे लिहिलेला की कुणाला किती वेळ लागला. कुणी नुसती चिठ्ठी पाठवतो: माझ्याने झाले नाही, तुम्ही बघा.

चावीवाला येऊन गेला त्या रात्री वीज गेली होती. दिवा शोधला नाही, लागत नव्हताच. पट्टीवर फुंकर मारावी एवढाच ताण ठेवला. तिसरी, टिक. पहिली, टिक. चौथी. दंडगोल जोंधळ्याएवढा फिरला, तोच खोटा होकार. या वेळी मी ताण वाढवला नाही, थोडा सोडला. डमरू सुटली, पहिली पडली, तिला पुन्हा बसवली. पाचवी. मग कडी अशी सहज वर आली की क्षणभर वाटले, हे कधी बंद नव्हतेच.

शेजारच्या ओट्यावर काकू वारा घेत बसल्या होत्या. "उघडलं काय?" अंधारातून त्यांनी विचारले. कडीचा आवाज त्यांनी ऐकला होता.

"उघडलं," मी म्हणालो, आणि कडी दाबून कुलूप परत लावले. एकदा उघडले तर नशीबही असू शकते.